एका पडद्यावर सगळं गाव

५ जानेवारी, रविवार

चर्चमधून थेट सोकोल हॉलवर, म्हणजे आमच्या चेक लोकांच्या व्यायामशाळेत गेलो. बैठक होती. विषय एकच, यंदा आमची लिबी, माझी नात, पडद्यावर दिसणार कशी?

गेली दोन वर्षं तिच्या कॉलेजच्या इंटरनेटवरच्या पानावर जिम्नॅस्टिक्सचे सामने फुकट दिसत. चित्र धूसर असे, आवाज मागून रखडत येई, पण दिसे. आता बारा कॉलेजांच्या संघटनेने प्रक्षेपणाचे सगळे हक्क एका कंपनीला विकलेत. कंपनीकडे खातं काढायचं, दरमहा तेरा डॉलर भरायचे, आपला संघ कोणता ते सांगायचं, मग पडदा उघडणार. कॉलेज इथून पश्चिमेला सव्वादोनशे मैल. बर्फाच्या दिवसांत आमच्या वयाचं कोण तिकडे गाडी हाकणार?

मार्लिस कोलार्श हॉलची चिटणीस. ती हातोडी आपटून म्हणाली, "साठ घरांनी साठ वेळा पैसे कशाला भरायचे? हॉलच्या नावाने एकच खातं काढू. मोठा पडदा लावू. कॉफी माझी."

"आणि सोबत खायला गोड कोलाचे?" स्टॅन वोंद्राने विचारलं.

"तुझी बायको करेल. तुला विचारलंय कुणी?"

ठराव एकमताने मंजूर. मी घरी येताना स्वतःशीच हसत होतो. आमच्या आजोबांनी हा हॉल बांधला तेव्हा आमच्या या लिपा गावात एकाच्या घरी घड्याळ होतं आणि सगळं गाव त्यावर चालत होतं. नेब्रास्कात आलेल्या चेक माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. एका भांड्यात भागत असेल तर दुसरं विस्तवावर चढवायचं नाही.

११ जानेवारी

हॉल भरला! खुर्च्या कमी पडल्या म्हणून तळघरातले जुने बाक वर आणले. नव्वदच्या वर माणसं होती. छताच्या कड्या, ज्यांना लोंबकळून आम्ही लहानपणी हाताची सालं काढून घेतली, त्या बाजूला बांधून तिथे पडदा लावला. याच कड्यांखाली लिबी पाच वर्षांची असताना पहिली कोलांटी शिकली. हॉलमधल्या प्रत्येकाने तिला कधी ना कधी झेललंय.

तिची पाळी बीमवर आली. जमिनीपासून छातीएवढी उंच, वीतभरसुद्धा रुंद नसलेली ती फळी. हॉलमध्ये शिंकही ऐकू येईना. तिने मागे झेप घेतली, हात टेकले, पाय आभाळात गेले आणि पुन्हा फळीवर आले. जणू ती फळी नव्हतीच, अंगण होतं. खाली उतरून ती ताठ उभी राहिली तशी सगळा हॉल उठला आणि एका आवाजात "नाझदार!" असा आमचा जुना जयघोष झाला. माझी बायको लिबुशे आज हवी होती बघायला. नातीला तिचंच नाव दिलंय.

खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत ओपल बाई दर शुक्रवारी दुपारी कविता म्हणून घेत. तेव्हापासून मन भरून आलं की माझे शब्द आपोआप पावलं मोजायला लागतात. घरी येऊन दोन ओळी लिहिल्या :

चिंचोळी ती वाट तरीही पोर न अडखळली,
श्वास आमचा थबकला, ती हसत पुढे गेली.

बाईंनी दुसऱ्या ओळीवर लाल रेघ मारली असती. असो.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकसं चित्र होतं, लंबगोल, मध्ये काळा ठिपका. ढगाआडून डोकावणारा सूर्य असावा. शेजारी आकडा होता, ४३. तिकडचं तापमान दाखवत असणार, फॅरनहाइटमध्ये. इथे तर पंधराच्या वर पारा चढत नाही. पश्चिमेकडे बरं आहे म्हणायचं.

१४ जानेवारी

औषधाच्या दुकानातला डुएन भेटला. त्याने घरी स्वतःचं खातं काढलंय आणि कोचात पडून एकटाच लिबीला बघतो म्हणाला. मी त्याला चांगलाच झाडला.

"एकट्याने बघायची गोष्ट आहे का ही? पोर आपल्या सगळ्यांची."

"अरे, पण घरी पाय वर करून बसता येतं."

"हॉलमध्येही कर. कुणी बघत नाही तुझ्या पायांकडे."

संध्याकाळपर्यंत त्याने खातं बंद केलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने आणि आणखी चार-पाच घरांनीही केलं. उगाच पैसा घालवायचा नाही आणि माणसं जोडायची, अशी दोन्ही कामं एका फेरीत झाली. टपाल वाटायचो त्या दिवसांची आठवण आली. दार वाजवलं की माणूस बाहेर यायचा, आणि पत्र नसलं तरी बोलायला काहीतरी असायचं.

१९ जानेवारी

झोप लागेना तेव्हा सुचलं. लिबीच्या संघातल्या दोघी क्लात्का आणि नेपोमुक गावच्या, आणि तिथेही सोकोल हॉल आहेत! सकाळी दोन्हीकडे फोन लावले. आमची युक्ती सांगितली. क्लात्काचा म्हातारा चिटणीस म्हणाला, "आम्हाला कसं नाही सुचलं हो? इथे पंधरा-सोळा घरं आपापली वर्गणी भरत बसलीयत." मी म्हटलं, "सांगा बंद करायला, आणि सूप चढवा."

या वयातही माणूस काही उपयोगी पडू शकतो. आज दिवसभर शीळ घालत होतो.

२५ जानेवारी

दुसरा सामना. लिबी बीमवर किंचित डगमगली, पण सावरली. सावरतानाचा तो एक क्षण मला नीट केलेल्या दहा उड्यांपेक्षा जवळचा वाटतो. स्टॅनच्या बायकोने खसखशीचे कोलाचे आणले होते. क्लात्काहून फोन आला, त्यांचाही हॉल भरलाय. नेपोमुकला तर लोक दारात उभे होते म्हणे.

कोपऱ्यातला आकडा २६. तिकडेही थंडी वाढलेली दिसते.

२६ जानेवारी

लिबीचा फोन. आजोबाला ती अजून चेकमधलं "डेडा"च म्हणते.

"डेडा, घरी सगळं ठीक ना?"

"उत्तम. तू कोट घालत जा. तिकडचा पारा खूप उतरलाय."

"इथे ऊन पडलंय, डेडा. पोरी अर्ध्या बाह्यांत फिरतायत."

मग म्हणाली, शिकवणाऱ्या कोच बाई हल्ली हसत नाहीत, सराव संपला की वरच्या कार्यालयात जाऊन बसतात. आम्हाला कुणी बघत नाही, असं काहीतरी चाललंय तिथे.

मी मोठ्याने हसलो. "त्यांना म्हणावं लिपाला या. उभं राहायला जागा नाही."

ती पण हसली. लिबुशेचं हसणं जसंच्या तसं. हवामानाची ती कंपनी मात्र धड नाही. पारा चुकीचा दाखवते.

८ फेब्रुवारी

आकडा ११. मार्लिसने विचारलं, "हे काय रे लुमीर? दर वेळी कमी होतं." मी म्हटलं, फेब्रुवारी आहे बाई. लिबी आज फार सुंदर खेळली. तिच्या हातांच्या रेषा पाहून मला हंस आठवले. शाळेच्या मागच्या तळ्यावर उतरायचे, पाण्याला कळूही न देता.

९ ते १८ काही नाही. गुडघा आणि बर्फ.

२० फेब्रुवारी

सकाळी लिहायला बसलो होतो. आता दुपार उलटलीय.

काल संध्याकाळी लिबीचा फोन आला. रडत नव्हती. रडून झालेला आवाज होता. कॉलेजला पैशांची चणचण आहे. कुठले खेळ ठेवायचे, कुठले मोडायचे ते ठरतंय. कंपनी प्रत्येक संघाच्या नावावर किती खाती आहेत आणि किती जण बघतात ते मोजते, आणि त्याच हिशेबाने कॉलेजला वाटा देते. बास्केटबॉलला हजारो. जिम्नॅस्टिक्सला निदान शंभर हवीत. गेल्या सामन्याला अकरा होते.

"अकरा?" मी विचारलं.

"कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं बघ, डेडा. त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं."

मी विचारलं, एका पडद्यापुढे नव्वद माणसं बसली तर किती धरतात?

"एक."

क्लात्का एक. नेपोमुक एक. लिपा एक.

तिला म्हणालो, सूप उतू चाललंय, नंतर बोलू. चूल थंड होती.

२१ फेब्रुवारी

हॉलवर सगळ्यांना सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

स्टॅन म्हणाला, "बैठकीत ठराव केला तिथवर ठीक होतं. पण डुएनच्या कोचातून त्याला ओढून आणायला तुला कुणी सांगितलं होतं? आणि वर दोन गावं बुडवून आलास."

"स्टॅन, पुरे," मार्लिस म्हणाली.

"मी कुठे खोटं बोलतोय? नव्वद जणांची एकच शेपटी! मेंढरं मोजायलासुद्धा असा हिशेब कुणी करत नाही."

त्याचं बरोबर आहे. पण मला कळत नाही, माणसं शेजारी शेजारी बसली म्हणजे कमी कशी होतात? मला वाटायचं जास्त होतात. सत्तर वर्षं असंच वाटत आलंय.

२३ फेब्रुवारी

मार्लिसने तिचा संगणक हॉलवर आणला. ओळ लावून एकेकाचं खातं काढायला बसलो. निम्म्या लोकांना ईमेल नाही, तर आधी ते. मार्लिस वैतागून म्हणे, "गुप्त शब्द सांगा, पण हळू!" स्टॅनला हळू येतच नाही. त्याचा गुप्त शब्द म्हणजे त्याच्या मेलेल्या घोडीचं नाव, हे आता गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. बऱ्याच दिवसांनी हॉल हसला.

संध्याकाळपर्यंत चाळीसच्या वर खाती झाली. मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही.

२४ फेब्रुवारी

सगळी खाती गोठवली. एकाच यंत्रावरून, एकाच कार्डावर, एका दुपारात इतकी माणसं, म्हणजे कुणीतरी लबाडी करतंय असं कंपनीच्या यंत्राला वाटलं. मार्लिसने फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई की काय ते वाजलं. मग पुन्हा महत्त्वाचा आहे. तिने फोन स्वयंपाकघरात ठेवून भांडी घासली, पावाचं पीठ मळलं, आणि तो आवाज तसाच बोलत राहिला.

२७ फेब्रुवारी

खाती खुली व्हायला ओळख पटवून द्यावी लागेल. ती पटायला दहा दिवस. कंपनीचा या महिन्याचा हिशेब उद्या बंद होतो.

आज एवढंच.

३ मार्च

मार्लिसच्या ब्यूक गाडीतून कॉलेजला गेलो. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना मक्याची धसकटं बर्फातून डोकावत होती. वाटेत मी ओपल बाईंची एक कविता म्हणायला लागलो, तर तिसऱ्या कडव्याशी अडलो. मार्लिस म्हणाली, "राहू दे रे, लुमीर." तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

क्रीडा विभागात मिस ऑल्ट म्हणून एक बाई आहेत. चाळिशीच्या, दमलेल्या. त्यांनी आम्हाला स्वतःच्या हाताने कॉफी दिली. मी कोटाच्या आतल्या खिशातून फोटो काढला. जानेवारीत काढलेला. सगळा हॉल उभा, हात वर, पडद्यावर लिबी. तो त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "मोजा. आम्ही एवढे आहोत."

त्यांनी फोटो क्षणभर पाहिला. मग हलकेच पालथा घातला.

"हा मला दाखवू नका, मिस्टर ह्रुबेश. मी हा पाहिलेला नाही."

"का बरं?"

"तेरा डॉलरचं घरगुती खातं हॉलमध्ये लावणं करारात बसत नाही. मी पाहिलं असं म्हटलं की मला कंपनीला कळवावं लागेल. मग तुमचं आहे ते एक खातंही जाईल, आणि कदाचित दंडही होईल."

मार्लिस ताडकन म्हणाली, "मग आम्ही आहोत हे दाखवायचं तरी कसं?"

मिस ऑल्टनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. वाईट बाई नव्हे. म्हणाल्या, विश्वस्तांची बैठक एकवीस तारखेला आहे. पंधराला शेवटचा सामना. त्या एका संध्याकाळी आकडा मोठा दिसला तर तो मी बैठकीत ठेवीन. वचन देत नाही.

उठताना त्यांनी फोटो पालथाच माझ्या हातात दिला.

लिबीला भेटलो. जिम्नॅशियमच्या दारात उभी होती, तळहातांना पांढरी पूड. मी तिचे हात हातात घेतले, तर माझ्या कोटाला पांढरे पंजे उमटले. ते झटकले नाहीत. मी केलेल्या त्या दोन फोनांबद्दल तिला सांगणार होतो. तिने विचारलं, "डेडा, जेवलास का?" मग राहिलं.

९ मार्च

खाती खुली झाली. क्लात्का आणि नेपोमुकलाही पुन्हा फोन केले. या वेळी उलटं सांगायला. नेपोमुकची बाई म्हणाली, "आधी एकत्र बसा म्हणालात, आता वेगळे बसा म्हणता. तुमचं नक्की काय चाललंय?" मी म्हटलं, बाई, एवढी एक संध्याकाळ.

१५ मार्च, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे लिहून होईल.

चारच्या सुमारास हॉलला कुलूप लावलं. शनिवारी, सामन्याच्या दिवशी, पहिल्यांदाच. सगळे आपापल्या घरी. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन मार्लिसने पडदे सुरू करून दिले. डुएन पुन्हा त्याच्या कोचात. रस्त्यावर एक गाडी नाही, आणि प्रत्येक खिडकीत तोच निळा उजेड. मी स्वयंपाकघरात एकटा बसलो. शेजारच्या खुर्चीवर कुणी खोकत नव्हतं, सूप कुणी सांडत नव्हतं. कधी टाळी वाजवायची तेही कळेना.

डोळ्याशेजारचा आकडा चढायला लागला. ४०. ७७. मी उभा राहिलो. ११८. मग १४० च्या वर! मार्लिसचा फोन आला. ती नुसती "लुमीर, लुमीर" म्हणत होती.

लिबी बीमवर चढली. हात पसरले. पहिली दोन पावलं दिसली. मग चित्र थांबलं.

आधी वाटलं, माझंच यंत्र बिघडलं. स्टॅनला फोन केला.

"तुझ्याकडे काय दिसतंय?"

"पाय. नुसते पाय. मघापासून पाय."

मार्लिसकडे लिबी वळत होती आणि तशीच वळत राहिली होती. डुएनकडे नुसता गोल फिरणारा ठिपका. गावाला टेलिफोन सहकारी संस्थेची एकच तार येते. सगळ्या घरांनी एकाच वेळी ओढल्यावर तिच्यातून काहीच येईना. माझ्या पडद्यावर लिबी हवेत होती. हात वर, पाय जुळलेले, खाली फळीचा पत्ता नाही. आकडा मात्र तसाच होता, दीडशेच्या आसपास. कंपनीच्या लेखी आम्ही सगळे बघत होतो.

स्टॅन म्हणाला, "हॉल उघडू या का? एकच लावू." आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही. आकडा पडेल."

बसून राहिलो. चित्र परत आलं तेव्हा जिम्नॅशियम मोकळं झालं होतं आणि एक माणूस चटया गुंडाळत होता.

तासाभराने लिबीचा फोन आला.

"डेडा, आकडा पाहिलास? कोच रडल्या."

"पाहिला ना! आता मिस ऑल्ट बैठकीत..."

"बैठक झाली, डेडा. काल फोनवरच उरकली. विश्वस्त सामन्याआधी येऊन आमचे आभार मानून गेले. बीम विकलीसुद्धा. ओमाहाच्या कुठल्या क्लासला." मग म्हणाली, "मी तुला आधी सांगितलं नाही. म्हटलं, गाव बघतंय, बघू दे."

मग लहानपणी विचारायची तशा आवाजात तिने विचारलं, "माझी शेवटची उडी कशी झाली? खरं सांग."

मी पडद्याकडे पाहिलं. आता तो काळा होता. मी मघाचं चित्र आठवलं.

"सुरेख," म्हणालो. "हात वर, पाय जुळलेले. उतरलीस तेव्हा हललीसुद्धा नाहीस. सगळ्या गावाने पाहिलं."

"डेडा," ती म्हणाली, "मी पडले."

मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिलाही माझा येत असणार. फोन कुणीच ठेवला नाही.